दुपट्ट्याखालचे दोन

माझ्या मुलीनं मला भर बैलबाजारात, तीन माणसांसमोर, माझ्याच खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली फसवलं. तेव्हा तिचं वय पंधरा होतं, माझं सत्तेचाळीस.

मी दिग्रसच्या बाजारात बैलांची दलाली करतो. मला तिथं कोणी आणून उभं केलं नाही, मी स्वतः उभा राहिलो. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आत बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला पत्ता लागत नाही. (माझ्या घरातही लागला नाही, पण ते पुढे येईल.)

वैशालीचा दहावीचा शेवटचा पेपर झाला, त्या दिवशी शाळेनं एक छापील कागद दिला. ‘सुट्टीत घराजवळ राहून करावयाचे अर्थपूर्ण उपक्रम.’ पहिला, गल्लीतली झाडं मोजा. आमच्या गल्लीत दोन झाडं आहेत, ते काम चहा उकळायच्या आत संपलं. दुसरा, पक्ष्यांना पाणी ठेवा. आमच्या नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, पक्ष्यांनाही ते ठाऊक असावं. तिसरा, आजोबांची मुलाखत घ्या. आमचे आजोबा ऐकत नाहीत, आणि ऐकलं तर शिव्या देतात. चौथा होता, वडिलांचा व्यवसाय समजून घ्या. त्याला खर्च नव्हता. मी खाली सही ठोकली.

माझा त्यात एक डावही होता. पोरीला अकरावी सायन्स यवतमाळला करायचं होतं, मावशीकडे राहून. मी तीनदा नाही म्हटलं होतं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, बाजार पडलेला होता, ही कारणं मी मोठ्यानं सांगत असे. एकुलती एक पोरगी डोळ्यांसमोरून हलू नये, हे कारण मी कोणालाच सांगितलं नाही. वाटलं, धंद्याची गोडी लागली तर ती इथंच राहील.

शिकवायला मी कसर ठेवली नाही. पहिला धडा, हात द्यायच्या आधी माप बोलून घ्यायचं. शेकडा की हजार, एक बैल की जोडी. न विचारता हात दिला तर नुकसान हात देणाऱ्याचं. दुसरा धडा, चेहरा दगडाचा ठेवायचा. तिसरा, समोरचा तापेपर्यंत थांबायचं, कारण तापलेल्या माणसाला घाई होते. पोरगी वहीत लिहून घेत होती. मला अभिमान वाटत होता!

आठ दिवसांत तिनं ही विद्या आईला शिकवली. जेवताना दोघींचे हात पदराखाली जायचे, चेहरे दगडाचे. एकदा हात बाहेर आले आणि आमच्या सौ. म्हणाल्या, उद्या मी यवतमाळला बहिणीकडे जाऊन येते. काय ठरलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “तुमचाच अभ्यास चालू हाय.” मोठमोठ्या व्यापाऱ्यांची बोटं ओळखणारा मी, आणि माझ्याच ताटासमोर दोन पंजांचा व्यवहार झाला तो मला कळला नाही.

मग तो बाजाराचा दिवस. विकणाऱ्यांची रांग नाल्यापर्यंत गेली होती आणि घेणारे मोजून चार. विकायला आलेला माणूस त्या वर्षी आपल्या बैलाकडे बघत नसे, उगाच दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधत बसे. असल्या बाजारात माझी एका परगावच्या व्यापाऱ्याशी जुंपली. त्यानं चांगल्या जोडीला म्हातारी म्हटलं, मी त्याला त्याच्या वडिलांचं वय विचारलं. सौदा फिसकटला. मी तापलेलाच चहाच्या टपरीवर येऊन उभा राहिलो. तो व्यापारीही तिथंच आला, हसत.

तेवढ्यात माझ्यासोबत बाजारात आलेली वैशाली म्हणाली, “बाबा, एक हात माह्यासंग करा.”

सकाळीच ती मुकुटबनला मामाकडे जाऊ का म्हणून विचारत होती. मी समजलो, किती दिवस राहायचं त्याचा सौदा आहे. त्या व्यापाऱ्याला दाखवायचंच होतं की मी काय चीज आहे. टाकला दुपट्टा. तिनं पंजा दाबला, पाच. मी एक बोट दाबलं. ती चारवर आली. मी एकच. ती तीनवर आली, कपाळावर घाम. मी हलेना. शेवटी तिनं मान खाली घालून दोन बोटं दाबली. पाचावरून दोनावर आणली, तीही सगळ्यांसमोर! मी दुपट्टा झटकला.

“झाला सौदा. दोन. साऱ्याइनं ऐका.”

बाजारातले सगळ्यांत जुने दलाल, गुलाबकाका, बशीतला चहा पीत होते. त्यांनी विचारलं, “दोन काय, पोरी?”

“वर्षं, काका. अकरावी अन् बारावी. यवतमाळले.”

मी ओरडलो की माप बोललंच नव्हतं, हा सौदा होत नाही. गुलाबकाकांनी बशी खाली ठेवली.

“तुले इचाराले कोनं मना केलतं, उत्तम? न इचारता हात देल्ला तं नुकसान कोनाचं, हे तूच सांगत असतं न?”

वैशालीनं वही उघडून पहिला धडा दाखवला. चहावाल्यानं मान डोलावली. व्यापारी म्हणाला, पुढच्या बाजारापासून मी या पोरीमार्फतच जोडी घेईन.

घरी जाताना मी विचारलं, पाच कायले दाबले होते?

“दोनच म्हनलं असतं तं तुम्ही हात सोडून देल्ला असता.”

जूनमध्ये ती एसटीनं गेली. खिडकीतून हात बाहेर काढला, मी धरला. दोघांनीही बोटं दाबली नाहीत. बाजार आता अर्धा भरतो. दुपट्टा खांद्यावरच राहतो.

मग मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना म्हटलं, चौथी ओळ कोणी लिहिली ते सांगा, मला जबाब पाहिजे. त्यांनी शांतपणे तोच कागद काढला. खाली छापलं होतं, ‘उपक्रमाच्या परिणामांची जबाबदारी,’ आणि पुढे माझी सही. मी ती ओळ वाचली नव्हती.

तेव्हा आता एवढंच विचारतो. माप न विचारता हात देणारा आणि न वाचता सही करणारा हा माणूस दिग्रसच्या बाजारात दलाल म्हणून उभा केला कोणी? ज्यानं केला, त्यानं समोर यावं आणि जबाब द्यावा!