गेरू फासलेली लाट

अमरावतीच्या साहेबी गोदामाचं एक कवाड बसवायला नत्थुजी सुतारानं तीन दिवस लावले. काम दिवसभराचं. पण आत नवं यंत्र कापसातून सरकी काढत होतं अन् नत्थुजीची नजर रंध्यावर कमी, तिकडंच जास्त. लाटेला, म्हणजे फिरत्या रुळाला, चामडं गुंडाळलेलं, चामड्याला लोखंडी पातं टेकलेलं. लाट रुई ओढून नेई, सरकी पात्याशी अडून खाली पडे. एवढं डोळ्यांत भरून तो अकोल्याला परतला, तो धास्तावूनच. विलायतेला कापूस जायला लागल्यापासून व्यापाऱ्यांना दम नव्हता. असलं यंत्र इथं आलं, तर त्यानं घडवलेले, हातानं फिरवून सरकी काढायचे लाकडी रेचे घेणार कोण?

घरी त्यानं आपल्याच रेच्याला तसंच पातं अन् चामडं लावून पाहिलं, पण लाटेवर चामडं काही ठरेना. शेवटी तो मोटा शिवणाऱ्या ताहेरकडे गेला.

"ओलं चढवा ना, नत्थुभाऊ," ताहेर हसला. "वाळलं का सोताच आवळते. जलम गेला तुमचा लाकडात, तुमाले कातडं काय समजन!"

लाट पक्की झाली, तशी धास्ती दुप्पट झाली. पार्बताबाईच्या हाताखाली चौदा बाया रेचे फिरवत. तिनं घेतला तो रेचा सारं गाव घेई. पण देवाच्या वाती याच रुईच्या. चामड्यावरून आलेली रुई ती चालवून घेईल? नत्थुजीनं लाटेवर गेरू फासला अन् रेचा तिच्यापुढं ठेवला.

पार्बताबाईनं कापूस लावला. रुई निघाली ती लालसर. तिनं पदरानं लाट घासली.

"चामडं हाय नं हे?"

नत्थुजीनं मान डोलावली.

"लपवून कावून राहिला रे? मोटेचं पानी जलमभर पेलो आमी. मोट काय चांदीची असते?" बाया फिदीफिदी हसल्या. पार्बताबाई हसली नाही. "चामड्याचं काई नाई. पन रंग फासनारा आनखी काय काय झाकते?"

तिनं गेरू पुसून काढला, पुन्हा कापूस लावला. सरकी अख्खी पडली. रुईची बट दोन अंगठ्यांत धरून तिनं ताणली. धागा लांब होता.

"टिकन किती दिस?"

खोटं बोलायला जीभ वळवळली. "मले नाई माईत, बाई. अमरावतीच्या मिस्त्रीले इचाराची हिंमत नाई झाली."

"हे खरं बोलला. मंग आमी तुह्याच आंगनात बसतो. फाटलं तं तुह्यासमोर फाटन. होळीपावतर टिकलं, तं चौदा घेतो."

तेव्हापासून नत्थुजी चाकं, कवाडं सारं अंगणातच तासू लागला. लाटेचा आवाज जरा जाडा झाला, की हातातली वाकस वरच्या वर थांबे. होळीला अजून तेवीस दिवस होते.