कोरडी चटई

लमयायच्या गावात बाईची पत तिच्या घरातल्या चटईवर ठरते. तळ्याकाठचं लव्हाळं कापायचं, चिरायचं, वाळवायचं, रंगवायचं आणि मागावर कंबर मोडेपर्यंत बसून चार दिवसांत एक चटई विणायची, हा तिथला घरोघरचा धंदा. त्या चटईवर पोरानं झोपेत शू केली की चार दिवसांची मेहनत मातीत. त्यामुळे त्या गावची मुलं बोलायच्या आधी कोरडं राहायला शिकतात, निदान त्यांच्या आया तसं सांगत फिरतात.

लमयाय सगळ्यांत जास्त सांगायची. तिची उंग दीड वर्षाची असतानाच रात्रभर कोरडी राहू लागली होती आणि ही बातमी बुधवारच्या बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला चटईबरोबर फुकट मिळायची. युक्ती अगदी साधी होती. चटई ओली केलीस तर डॉक्टरीण येऊन सुई टोचेल, असं ती लेकीला रोज थोपटताना मायेनं सांगायची. पुढे युक्तीला धार चढली. भात टाकला, डॉक्टरीण. चप्पल हरवली, डॉक्टरीण. आपण या घरी एवढ्या फेऱ्या मारतो, हे जिल्ह्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना ठाऊकच नव्हतं.

लमयायची आई, बुआखाम आजी, त्याच घरात राहायची आणि लेकीचं एकही वाक्य खोडल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही. "दीड वर्षाचं काय कौतुक सांगतेस? तुला मी एका वर्षात कोरडी केली होती," हे ती पान चघळत गिऱ्हाइकांच्या देखत सांगायची. नातीचं नावही तिनंच ठेवलं होतं. उंग म्हणजे शेतातला पोट फुगलेला बेडूक. सुंदर नाव ठेवलं की पोराकडे भुतांचं लक्ष जातं, म्हणून ही खबरदारी.

भुतं फसली असतील, पण ताप काही फसला नाही. साडेचार वर्षांच्या उंगला वर्षात तीनदा हुडहुडी भरून ताप आला आणि तिन्ही वेळा लघवीत जंतू निघाले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढत असेल तर ते हळूहळू निकामी होईल. बघायचा उपाय एकच: शूच्या जागेतून बारीक नळी घालून आत औषधाचं पाणी भरायचं, मग पोरीनं टेबलावर पडल्या पडल्या शू करायची, आणि ती चालू असताना एक्स-रे काढायचे. शू झाली नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा नळी. लमयाय घरी आली आणि आयुष्यात पहिल्यांदा बाजारात कुणाला काही बोलली नाही. ती घाबरली होती.

सल्ले मात्र न मागता आले. तैवानच्या कारखान्यात असलेल्या नवऱ्यानं फोनवरून फर्मावलं की तिला रडू देऊ नकोस. एवढ्या लांबून हे सांगणं सोपंच होतं. भीतीनं पोरीचा जीव अंगातून पळून जाऊ नये म्हणून आजीनं तिच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. आणि लमयायनं बसमध्ये लेकीला सांगितलं की काही दुखणार नाही, फक्त फोटो काढायचाय.

इस्पितळात एक्स-रेच्या खोलीत एकालाच प्रवेश होता. आजीनं दारातल्या माणसाशी एवढी हुज्जत घातली की त्यानं कंटाळून तिला काचेपलीकडे, यंत्र चालवणाऱ्याच्या शेजारी बसवलं. लमयाय शिशाचा जड एप्रन घालून टेबलाजवळ उभी राहिली. नळी आत गेली तेव्हा उंगनं जी किंकाळी फोडली, तीत एकच वाक्य होतं, "आई, तू फोटो म्हणाली होतीस." लमयायला वाटलं, एप्रनसकट जमिनीत जावं.

मग पाणी भरलं. पोट टम्म झालं, पोरगी खरोखर नावासारखी दिसू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कर. उंगनं पाय आवळले. त्यांनी नळ सोडून ठेवला, नर्सनं पायांवर कोमट पाणी ओतलं, दोघींनी मिळून "शूऽऽ" म्हणून तोंड दुखवून घेतलं. वीस मिनिटं गेली. पोरगी घामाघूम झाली, ओठ पांढरे पडले, पण एक थेंब नाही. सगळ्या बाजारात गाजलेली शिकवण ती.

"ओलं केलं की तुम्ही सुई टोचाल," उंग शेवटी डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

त्यांनी विचारलं, हे कुणी सांगितलं? मुलं कुठून कुठून काय ऐकून येतात, असं लमयाय छताकडे बघत पुटपुटली. आणखी पाच मिनिटं बघू, नाहीतर नळी काढावी लागेल, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मात्र ती वाकली आणि तिनं आपलं तोंड लेकीच्या तोंडाजवळ नेलं.

"उंग, डॉक्टरीण कधीच येणार नव्हती. ते मी खोटं सांगायचे."

उंगनं विचार केला. "फोटोचं पण खोटं?"

"ते पण."

"मग आत्ताचं खरं कशावरून?"

जे सुचलं ते लमयाय बोलून गेली. "मी स्वतः सात वर्षांची होईपर्यंत चटई ओली करायचे. आजीला विचार."

शब्द तोंडातून गेले आणि आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं. आजी काचेपलीकडे होती, दोन्ही खोल्यांमधला माईक चालू होता, आणि हे धडधडीत खोटं होतं. भिंतीवरचा कर्णा खरखरला.

"सात नाही," आजी म्हणाली.

लमयायनं डोळे मिटले.

"नऊ. हिच्या मावशीच्या लग्नात हिनं नवीकोरी चटई भिजवली. भिक्खूंना बसवायला मला शेजारून चटया मागून आणाव्या लागल्या."

उंगनं आधी कर्ण्याकडे पाहिलं, मग आईकडे. मग तिला हसू आलं. तिचं टम्म पोट हसण्यानं गदगदलं आणि टेबलावर गरम पाणी पसरलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "घ्या, घ्या," आणि काचेपलीकडे यंत्र खटखटू लागलं. लमयाय रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

लघवी उलटी जात होती, पण थोडीच. वर्षभर रोज औषध, मग पुन्हा बघू, असं ठरलं.

बुधवारी बाजारात उंगनं प्रत्येक गिऱ्हाइकाला आईचं वय सांगितलं, नऊ. एका बाईनं हातातली चटई उलटून वास घेतला आणि आजीला विचारलं, खरं की काय?

"खरं. मला काही जमलं नाही हिला कोरडं करायला," बुआखाम आजी म्हणाली आणि तिनं पान थुंकायला तोंड वळवलं.

त्याच आठवड्यात उंगनं तीन वर्षांत पहिल्यांदा चटई भिजवली. सकाळी लमयायनं ती धुतली आणि घरामागच्या दोरीवर टाकायला निघाली.

"तिथं कुठं? तिथं ऊन आहे का?" आजी खेकसली. "रस्त्याकडच्या कुंपणावर टाक."

लमयायनं ती रस्त्याकडच्या कुंपणावर टाकली.