पाणी रेघेला पोचण्याआधी

जे अजून झालेलं नाही ते झालं, असं आमच्या सरांनी आयुष्यात एकदाही म्हटलेलं नाही, आणि या एका गुणापायी त्यांनी दिला तेवढा त्रास ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत दुसऱ्या कुठल्याही सज्जन माणसाने कुणाला दिला नसेल. सर म्हणजे शाळेतले नव्हेत. ठाण्यातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतले माझे ज्येष्ठ सहकारी. बायकोचा फोन आला तेव्हा ते बुटाची नाडी बांधत असले, तर आपण सगळे म्हणतो तसं 'निघालो' ते म्हणत नसत. "नाडी बांधतोय," म्हणत. लग्नात यजमानांनी हात धरून जेवण कसं आहे विचारलं, तर "अजून रांगेत आहे, जेवल्यावर सांगतो," म्हणत आणि जेवल्यावर यजमानांना खरोखर शोधून काढत. मठ्ठा आंबट होता, हेसुद्धा सांगत. ग्राहकाचा फोन आला की आमचे मालक समोर उभे राहून "झालंय म्हणा, झालंय म्हणा," अशा खुणा करत, आणि सर रिसीव्हर कानाला तसाच ठेवून त्यांनाच मोठ्याने विचारत, "कुठे झालंय?"

असा माणूस सॉफ्टवेअरचा डेमो आधी रेकॉर्ड करून दाखवेल हे शक्यच नव्हतं. "व्हिडिओ चालतो म्हणजे व्हिडिओ चालतो," ते म्हणत. "सॉफ्टवेअरचं काय?" त्यांचं सॉफ्टवेअर हाउसिंग सोसायट्यांसाठी होतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ठरावीक खुणेपर्यंत आलं की टाकीतला सेन्सर वॉचमनच्या मोबाइलवर 'पंप बंद करा' असा मेसेज पाठवायचा. बस, एवढंच. पण हे एवढंच दाखवायला सर लाल रेघेची खूण केलेला प्लास्टिकचा पारदर्शक टब, दोन बादल्या, एक जग, स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि दोन टॉवेल घेऊन जात. आदल्या रविवारी टिटवाळ्यात आपल्या बिल्डिंगमधल्या सगळ्या रिटायर्ड मंडळींना गच्चीवर बसवून रंगीत तालीम होई. ज्या वाक्याला कुणी जांभई देईल ते वाक्य सर तिथल्या तिथे वगळत. दोन-तीन रविवारांत पंचवीस मिनिटांचं भाषण आठ मिनिटांवर आलं होतं.

आता माझ्या अपराधाकडे यायला हवं. ठाण्यात हाउसिंग सोसायट्यांची एक मोठी कॉन्फरन्स होती. तिच्या आधीच्या महिन्यात डोंबिवलीच्या एका सोसायटीत हाच डेमो तीनदा पडला. सर ओतत राहिले, मेसेज येईना, आणि सेक्रेटरी म्हणाले, "अहो, त्यापेक्षा आमचा वॉचमन बरा. झोपतो, पण उठवला की उठतो तरी." मालकांनी मला एकट्याला बोलावून सांगितलं, "ठाण्याच्या कॉन्फरन्समध्ये पडला ना, तर यापुढे फक्त व्हिडिओ. त्यांना तू सांगायचं." हे मी सरांना कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मला काम त्यांनी शिकवलेलं. म्हणून मी एक गोष्ट केली. माझ्या मोबाइलवर एक बटण तयार केलं. ते दाबलं की सेन्सर काही म्हणो, मेसेज जायचाच. मी स्वतःला सांगितलं की हे प्रेमापोटी आहे. ते खरंही होतं, पण त्या आठवड्यात मला सरांच्या डोळ्यांत बघता येत नव्हतं.

कॉन्फरन्सच्या दिवशी गळ्यात ओळखपत्र घातलेली आयोजकांकडची एक मुलगी धावत आली. "सर, स्टेजवर कार्पेट आहे हां! पाणी सांडणार नाही ना? नक्की?"

"नक्की नाही," सर म्हणाले. "म्हणून तर टॉवेल आणलेत."

हॉल भरलेला होता. मालक पहिल्या रांगेत, मी शेवटच्या, बोट बटणावर. पडद्यावर वॉचमनचा मोबाइल मोठा करून दाखवलेला. सर ओतू लागले. एवढ्या लांबून मला टबावरची लाल रेघ दिसत नव्हती. सरांनी जग सरळ केला, मला वाटलं ओतून झालं, आणि मी बटण दाबलं. ते नुसते हात बदलत होते.

मेसेज आला. टाळ्या पडल्या. मालक तर मागे वळून माझ्याकडे बघून हसले.

"थांबा, थांबा," सर माइकमध्ये म्हणाले. "टाळ्या नकोत. पाणी अर्ध्यावर आहे आणि मेसेज आलाय. हे चुकलंय." मग त्यांनी सगळ्यांसमोर, त्या मोठ्या पडद्यावर, कोणता मेसेज कुठून गेला याच्या नोंदी उघडल्या आणि शांतपणे एकेक ओळ वाचू लागले. सदसद्विवेकबुद्धीने मला उभं केलं असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे माझं नाव चारच ओळी खाली होतं.

"सर," मी उभा राहून ओरडलो, "तो मी पाठवला. मोबाइलवरून."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून मला शोधलं आणि त्यांचे ताठलेले खांदे एकदम खाली आले. "अरे, मग बरंय की! मला वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं!" अख्खा हॉल हसला. "फोन खिशात टाक आता. आणि बस खाली."

त्यांनी पुन्हा ओतलं. पाणी रेघेला लागलं. काही नाही. "आला नाही," त्यांनी माइकमध्ये सांगितलं, जणू पाव्हणे आले नाहीत. वाकून वायरी चाचपल्या, एक सैल होती ती दाबली, टब रिकामा केला, कार्पेटवर थोडं सांडलं ते पुसलं, आणि पुन्हा ओतलं. मेसेज आला. "आता वाजवा," सर म्हणाले. तशा टाळ्या मी नंतर ऐकल्या नाहीत. बाहेर पाच सोसायट्यांची माणसं त्यांना गाठून उभी होती आणि मालकांनी व्हिडिओचं नाव पुन्हा काढलं नाही.

परतताना खोपटच्या एसटी स्टँडजवळ आम्ही चहाला थांबलो. मी माफी मागितली. मालक काय म्हणालेले तेही सांगून टाकलं.

"म्हणजे मी पडलो तर मला लागेल, असं वाटलं तुला."

"हो."

"लागतं रे. नाही असं नाही." ते बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिले. "पण ते बटण काढ." मी तिथेच काढलं. कित्येक दिवसांनी त्या रात्री मला सलग झोप लागली.

मागच्या वर्षी सर रिटायर झाले. आता डेमो मी देतो. परवा कल्याणला एका सभागृहात माझं सगळं मधेच अडकलं. मी लोकांना "अडकलंय" म्हणून सांगितलं आणि हात बांधून उभा राहिलो. तेवढ्या वेळात मला सरांची जेवढी आठवण आली तेवढी त्यांच्या निरोप समारंभातही आली नव्हती. संध्याकाळी टिटवाळ्याला फोन लावला.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"चार मिनिटं."

"लोक उठले?"

"दोघं."

"दोघंच?" सर म्हणाले. "छान. बाकीचे बसले की रे."