साखर गोदामातली प्रज्ञा

प्रज्ञा साळवे पडली की कोणी पाहिलं का, हे बघायची नाही. ती खाली बघायची. बोटांनी कोबा चाचपायची, कुठे चीर आहे का, कुठे जुन्या साखरेचा चिकट डाग राहिलाय का, आणि मग जिथे तोल गेला होता तिथेच जाऊन चाकांच्या बुटांवर परत उभी राहायची. एवढ्याशा पोरीने गुडघा सोलल्यावर जे तोंड करावं ते तिने कधी केलं नाही. पहिल्याच दिवशी मी धावत जाऊन तिला उचलायला गेले, तर तिने माझा हात हळूच बाजूला सारला आणि म्हणाली, "बाई, मी पडले न्हाई. ह्या कोब्यानं पाडलं. आधी त्याला पुसून घेते."

मी तेव्हा कारखान्याच्या शाळेत शिकवत होते. आमचा सहकारी साखर कारखाना बीड जिल्ह्यातल्या एका उघड्या माळावर होता. धुराडं, कामगारांची वसाहत, शाळा आणि चारी बाजूंनी कुसळं. पाटोद्याच्या बाजाराला जायचं तरी फाट्यावर एसटीची वाट बघत अर्धी सकाळ जायची. त्या वर्षी पाऊस झाला नाही, पुढच्या वर्षीही झाला नाही. उसाचं टिपरू नव्हतं, मग गाळप कशाचं होणार? बॉयलर थंड पडला, भोंगा बंद झाला, साखर विकली गेली आणि भली मोठी गोदामं रिकामी झाली. वसाहतीत टँकर आला की सगळी शाळा घागरी घेऊन पळायची. असल्या दिवसांत त्या रिकाम्या गोदामात स्केटिंग सुरू झालं, हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

झालं असं, की चेअरमनसाहेबांनी पुण्यात पोरं चाकांच्या बुटांवर संगीताच्या तालात गिरक्या घेताना पाहिली आणि आपल्या नातवाने, यशने, ते शिकावं असं त्यांच्या मनात आलं. एकट्याला शिकवून मजा नाही म्हणून वसाहतीतली पोरंही बोलावली. औरंगाबादहून अन्सारी सर दर शनिवारी यायचे आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने जायचे. प्रज्ञाचे वडील, तिचे आप्पा, किसन साळवे गोदामात पोती वाहायचे, हंगामी कामगार. हंगामच नसल्यामुळे त्यांना गोदामाच्या राखणीवर ठेवलं होतं, त्यामुळे किल्ली त्यांच्याकडे असायची. इतर पोरं सुट्टीच्या दिवशी खेळायची. प्रज्ञा रोज उजाडताच बापामागून गोदामात शिरायची. घरचं धुण्याचं पाणी नितळून ती बादलीतून आणायची आणि पोत्याच्या तुकड्याने कोबा पुसून काढायची. पिण्याला पाणी नाही आणि पोरगी फरशी धुते, म्हणून बाया बोलायच्या. ती म्हणायची, "फेकायचंच पाणी हाय मावशी. तुमच्या दारात फेकू का कोब्यावर?"

सरांनी प्रज्ञा आणि यश यांची जोडी केली. यश अंगाने दणकट होता, ती काडीसारखी. त्याने तिला कमरेला धरून वर उचललं की ती हात पसरून अशी काही स्थिर राहायची की गोदामातली कबुतरंही गप्प झाल्यासारखी वाटायची. पुण्याच्या स्पर्धेला मुलीसोबत बाईमाणूस हवं म्हणून मला पाठवलं. दोघं दुसरी आली. परतताना यश गाडीत झोपला आणि प्रज्ञा सारा रस्ता बोलत होती, एरवी चार शब्दांच्या वर न जाणारी. मी विचारलं, एवढं गरगर फिरून तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, "चक्करचं भ्याव न्हाई बाई. थांबायचं भ्याव हाय. आपुन थांबलं तरी समदं फिरतच राहतंय."

दुष्काळाची आणखी दोन वर्षं अशी गेली. मग चेअरमनसाहेबांच्या घरून निरोप आला, पोरं आता मोठी झाली, जोडी बास. तेवढंच. साळवे बौद्ध वस्तीतून वसाहतीत आलेले आणि यश कोणाचा नातू, हे कोणी तोंडाने बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. यश पुण्याच्या शाळेत गेला. पुढचे कित्येक दिवस प्रज्ञा तोच नाच एकटीने करत राहिली. जिथे त्याचा हात असायचा तिथे तिचा हात तसाच पुढे जायचा आणि रिकाम्या हवेत थांबायचा. अन्सारी सरांनी एका रविवारी तो हात धरून खाली केला. "बेटा, आता अकेली खेळायचं," ते म्हणाले, आणि बुटांच्या नाड्या बघायच्या निमित्ताने खाली वाकले.

ती एकटी खेळू लागली आणि जास्त चांगली खेळू लागली. त्या वर्षी पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली भाषण करता करता चेअरमनसाहेब म्हणाले, "आमच्या प्रज्ञाने राज्यात पहिला नंबर आणला, तर किसनरावांना आम्ही कायम करू." टाळ्या पडल्या. किसनराव मागे खुर्च्या लावत होते, त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवून नमस्कार केला. प्रज्ञा माझ्याशेजारी उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती बुटांच्या टोकांकडे बघत होती.

हिवाळ्यात तिने पहिला नंबर आणला, आणि चेअरमनसाहेबांनी शब्द पाळला, हेही सांगायला हवं. साळवे पत्र्याच्या खोल्यांतून पक्क्या क्वार्टरमध्ये आले. प्रज्ञाच्या आईने दारात तुळस नाही, कोथिंबीर लावली, पाणी नसतानाही जगवली. फाटकावर प्रज्ञाचं मोठं फ्लेक्स लागलं: एक पाय मागे उचललेला, हात पंखासारखे, आणि कोपऱ्यात चेअरमनसाहेब हात जोडून. किसनराव रोज त्याच्याखालून कामावर जायचे.

त्यानंतर तिचं खेळणं बदललं. आधी ती पडली की कोब्याला दोष द्यायची, आता स्वतःला देऊ लागली. वाढीचं वय, अंग भरत होतं, आणि सरांनी एकदा वजनाबद्दल सहज काही म्हटलं तेव्हापासून ती अर्धी भाकरी ताटात मोडून ठेवायची. उडी मारून खाली आली की उजवा खुबा धरायची. देशपातळीच्या स्पर्धेत ती कुठेच आली नाही. चेअरमनसाहेब म्हणाले, पुढच्या वर्षी आणू. ते रागावलेही नाहीत, पण पुढचं वर्ष आहे हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "बाई, मी सोडलं तर आप्पांचं कायम राहील का?"

मी म्हणाले, नोकरी एकदा कायम झाली की कायमच असते.

"आपल्या कारखान्यात?" तिने विचारलं.

त्या पावसाळ्यात मात्र आभाळ फाटलं. नद्या वाहिल्या, माळ हिरवा झाला, लोकांनी हात न राखता ऊस लावला. पुढच्या वर्षी भोंगा पुन्हा वाजला तेव्हा वसाहतीत पेढे वाटले गेले. प्रज्ञानेही वाटले. आणि मग गोदाम भरायला लागलं. मागच्या भिंतीपासून पोत्यांच्या थप्प्या पुढे पुढे सरकू लागल्या. दर आठवड्याला तिचा कोबा अरुंद होत गेला. पोती रचायचं काम किसनरावांच्या देखरेखीखाली होतं. ते हमालांना थप्पी उंच रचायला लावायचे, अगदी पत्र्यापर्यंत, म्हणजे खाली तेवढी जागा उरेल. त्यावरून त्यांना बोलणी बसली, थप्पी कोसळून माणूस मरेल म्हणून. ते खरंच होतं. शेवटी दारापासून भिंतीपर्यंत एक बोळ उरला. प्रज्ञा त्या बोळात जायची आणि यायची. गिरकी घ्यायला हात पसरले की पोत्यांना लागायचे.

मी एकदा किसनरावांना म्हणाले, पोरीचा खुबा दाखवून आणा कुठेतरी. ते म्हणाले, "ती म्हणती दुखत न्हाई." मग म्हणाले, "मला कळतंय बाई. पण ती म्हणती न्हाई, आन् मीबी म्हणतो न्हाई. असं चाललंय आमचं."

हंगाम संपला तरी लोकांचा ऊस शेतात उभाच होता. इतका पिकला होता की कारखान्याला गाळता आला नाही. कडा गावच्या कारखान्यापर्यंत माणसं हेलपाटे घालून आली, तिकडेही घेईनात. सप्टेंबरात वार्षिक सभा लागली तेव्हा मांडव सभासदांनी भरून गेला आणि एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. चेअरमनसाहेबांनी काय केलं, तर सभेची सुरुवात प्रज्ञाच्या खेळाने ठेवली. स्टेजवर फळ्या जोडून जागा केली होती. मी सरांकडे पाहिलं, सर फळ्यांच्या सांध्यांकडे बघत होते.

संगीत सुरू झालं. ती आली, दोन फेऱ्या नीट झाल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "पोरगी नाचवून ऊस गाळता का?" हशा झाला, मग आरडाओरडा. प्रज्ञाने उडी घेतली आणि चाक सांध्यात अडकून ती कुशीवर आपटली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. ती उठली नाही. पहिल्यांदाच तिने खाली न बघता वर पाहिलं, गर्दीत कोणाला तरी शोधलं. किसनराव मांडवाच्या कडेने माणसं ढकलत पुढे आले, स्टेजवर चढले आणि सोळा वर्षांच्या मुलीला लहान पोरासारखं उचलून घेऊन गेले. बूट तिच्या पायातच होते. चाकं फिरत होती.

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांनी मला बोलावलं, पुढच्या स्पर्धेला प्रज्ञासोबत कोण जाणार ते ठरवायला. मी बसलेली असतानाच किसनराव आले. चपला बाहेर काढून आत आले आणि उभे राहिले.

"साहेब, पोरगी आता खेळणार न्हाई."

"ती म्हणते का तुम्ही म्हणता?"

"मी म्हणतोय. ती म्हणायची न्हाई."

चेअरमनसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. "किसनराव, तुम्हाला कशासाठी कायम केलं, आठवतंय ना?"

"आठवतंय साहेब. म्हणून तर आलो," किसनराव म्हणाले. "तुमचं कायम तुमच्यापाशी ठिवा."

ते गेल्यावर पंखा तेवढा फिरत होता. चेअरमनसाहेबांनी मला चहा घेता का, असं विचारलं. मी नको म्हणाले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञाची आई घाबरून माझ्याकडे आली. पोरगी उठेना झालीय, हलवलं तरी कूस बदलून झोपते. मी गेले. ऊन खाटेवर आलं होतं, बाहेर शाळेची घंटा झाली होती, आणि ती तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. मी आईला खुणेनेच सांगितलं, झोपू दे. ती दुपारपर्यंत झोपली. मग उठून तिने तीन भाकरी खाल्ल्या, असं तिची आई मला रडत रडत सांगत होती.

महिनाभरात त्यांनी क्वार्टर सोडलं. बूट कारखान्याचे होते. प्रज्ञाने चाकं काढून पुसली, तेल घातलं, नाड्या धुतल्या आणि स्टोअरमध्ये नेऊन दिले. टेम्पो वडवणीकडे, तिच्या आजोळी निघाला तेव्हा अन्सारी सर औरंगाबादहून मुद्दाम आले होते. तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मला म्हणाली, "येते बाई," आणि मागे बघितलं नाही.

पुढे मी निवृत्त होऊन बीडला राहायला आले. गेल्या वर्षी पाटोद्याला एका लग्नाला निघाले होते. गाडीत गर्दी होती. खाकी कपड्यातली कंडक्टर तिकिटं देत देत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "बाई, तुमी?" मी ओळखलं ते डोळ्यांवरून. गर्दी उतरल्यावर ती माझ्याशेजारी येऊन टेकली. लग्न झालंय, मुलगा आहे, खुबा थंडीत दुखतो. किसनराव गेले होते. कायमच्या नोकरीनंतर त्यांना परत कायमचं काही मिळालंच नाही, कापसाच्या जिनिंगवर, बाजार समितीत, मिळेल तिथे पोती वाहत राहिले.

"शेवटी शेवटी त्यांनी मला इचारलं," प्रज्ञा म्हणाली. "तुला आवडत व्हतं का गं ते, म्हणाले."

"मग?"

"मी न्हाई म्हणलं. हो म्हणलं असतं तर त्यांना वाटलं असतं, आपुन उगंच सोडवलं."

ती पुढच्या काचेतून रस्ता बघत होती.

"लई आवडत व्हतं बाई," ती म्हणाली. मग फाटा आला, कोणीतरी उतरायचं होतं, ती उठली आणि तिने घंटीची दोरी ओढली.