हेडरमधली भांगलण

किस्से का साठतात, याचं आमच्या ऑफिसातलं कारण तांत्रिक आहे. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याच्या एखाद्या मोठ्या हेडर फाइलमध्ये एक ओळ बदलली की जवळजवळ सगळा कोड पहिल्यापासून कम्पाइल होतो, म्हणजे मशीनला कळेल अशा भाषेत उतरतो. पाऊण तास! तेवढ्या वेळात माणूस काय करणार? चहा पिणार आणि शेजारच्याची उडवणार. राजारामपुरीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर कोडपेक्षा किस्सेच जास्त तयार झालेत.

हेडर म्हणजे काय ते एकदाच सांगतो. कोडची प्रत्येक फाइल सुरुवातीलाच 'मला अमुक फाइली लागतात' असं सांगते. त्या बोलावलेल्या फाइली म्हणजे हेडर. आता ही हेडरं आपल्याबरोबर आणखी हेडरं आणतात. लग्नाला एकाला बोलवावं आणि त्याची सगळी भावकी जेवायला यावी, तसं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या कर्नेलमधलं असं एक भलंमोठं हेडर, नको त्या फाइली बोलावणाऱ्या ओळी काढून, साफ करायचं शुभांगीनं डोक्यात घेतलं. शुभांगी चंदगडची. वयानं आमच्यात सगळ्यात लहान, हट्टात सगळ्यांना वरताण.

*

आधी मालकांना पटवायचं होतं. आमची कंपनी दूध संकलनाच्या मशिनी बनवते आणि त्यात हेच कर्नेल चालतं.

"ह्यानं मशिनीत नवीन काय दिसणार?" मालकांनी विचारलं.

"काहीच न्हाई," शुभांगी म्हणाली.

"मशीन जोरात पळणार?"

"न्हाई. आमचं कम्पाइल लवकर होणार."

"मग गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"काय बी सांगू नका. त्येला काय कळलंच, तर माझं चुकलं म्हणून समजा!"

मालक हसले, पण अट घातली. वर्षभरात तिचे बदल मूळ कर्नेलमध्ये घेतले गेले तर ठीक. नाहीतर हे काम बंद, आणि तिनं मशिनीच्या स्क्रीनवरची बटणं रंगवत बसायचं. बटणांचा तिला मनापासून तिटकारा. ती फक्त "चालतंय" म्हणाली.

*

संग्रामदादा आमचे टीम लीड. बोलणं जोरात, टायपिंगही जोरात. शुभांगीला मदत म्हणून त्यांनी एका सकाळी नऊ ओळी उडवल्या आणि तो बदल, म्हणजे पॅच, थेट कर्नेलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर पाठवला.

"बघा! नऊ ओळी काढल्या, काय बी बिघडलं न्हाई!"

दुपारी उत्तर आलं. कुठल्यातरी जुन्या प्रोसेसरवर कर्नेल कम्पाइलच होत नव्हतं. दादा भडकले. "असलं मशीन जगात हाय तरी कुणाकडं?"

"एकाकडं हाय की," शुभांगी म्हणाली. "त्यानंच मेल केलाय न्हवं!"

त्या दिवसापासून तिनं नियम केला. एका पॅचमध्ये एकच ओळ काढायची, आणि सगळ्या प्रोसेसरांसाठी कम्पाइल करून बघितल्याशिवाय पाठवायची नाही. आमचे चहा दुपटीनं वाढले.

*

हेडरच्या मधोमध एक ओळ होती आणि तिच्या डोक्यावर शेरा होता: 'ही ओळ काढू नका.' कारण काही नाही. मी म्हटलं, राहू दे बाई, कशाला विषाची परीक्षा? पण हिनं शेरा लिहिणाऱ्याचा पत्ता शोधला आणि सरळ विचारलं.

आठवड्यानं गृहस्थाचं उत्तर आलं. "मलाही माहीत नाही. मी कामाला लागलो तेव्हा एका सहकाऱ्यानं 'काढू नको' म्हणून सांगितलं होतं. मी फक्त ते लिहून ठेवलं!"

तिनं त्याच दिवशी ती ओळ काढून बघितली. कुठंही काही बिघडलं नाही.

*

कर्नेलच्या परीक्षकांकडून दुसऱ्या खेपेलाही सगळे पॅच परत आले, तेव्हा मी खचलो. माझा यातला वाटा थोडाच, तरी मी तिला सोडून दे म्हणालो. आज त्याची लाज वाटते. ती तिसऱ्या खेपेच्या तयारीला लागली होती.

त्यातच ती गणपतीला गावी निघाली. आजरा सोडला आणि एसटीत तिच्या मोबाइलवर परीक्षकाचा प्रश्न आला. उत्तर लिहीपर्यंत रेंज गेली. पुढं एका चढावर दोन काड्या दिसल्या, तशी ही उठून ओरडली, "दोन मिनिटं गाडी थांबवा, मेल जाऊ दे!"

आश्चर्य म्हणजे गाडी थांबली. कंडक्टर मागं आले. "कुणाला पाठवालीस?"

"जर्मनीला."

"काय कळवालीस येवढं?"

"तुमचं बरोबर हाय, माझंच चुकलं, म्हणून."

कंडक्टरांनी कपाळाला हात लावला. "ह्यासाठी गाडी थांबीवली व्हय? भांडण असतं तर अजून पाच मिनिटं दिली असती की!"

*

त्याच सुट्टीत तिच्या वडिलांनी विचारलं, "वर्ष होत आलं, काय काय लिहिलीस?"

"लिहिलं न्हाई, बाबा. काढलं. नको ते शोधून शोधून काढालोय."

बाबा भाताच्या शेतात तण काढण्यात आयुष्य घालवलेले. म्हणाले, "मग भांगलण म्हण की सरळ! मी उगंच लोकास्नी कॉम्प्युटर म्हणून सांगालोय!"

*

अकरावा महिना. चौथी खेप, चौसष्ट पॅच. सकाळी साडेदहाला उत्तर आलं. वरती दोनच शब्द: "घेतले. आभार."

आम्ही असे ओरडलो की खालच्या क्लासचे सर काय झालं म्हणून वर आले. मेलमध्ये खाली आणखी एक ओळ होती: यापुढं या हेडरमध्ये कुणाला काही घालायचं असेल तर आधी शुभांगीची मंजुरी लागेल. तिनं ती ओळ तीनदा वाचली आणि रडली. आमच्यापासून लपवलंही नाही.

बाराव्या दिवशी मंजुरीसाठी पहिला पॅच आला. कुणालातरी त्या हेडरमध्ये काढलेल्यातलीच एक ओळ परत हवी होती. कारण लिहिलं होतं, 'सोयीसाठी.' शुभांगीनं पाठवणाऱ्याचं नाव बघितलं. संग्रामदादा! तिच्या उजव्या हाताला, दोन फुटांवर बसलेले.

तिनं मान वळवली नाही. जगभरचे लोक वाचतात त्या लिस्टवरच उत्तर टाकलं. एकच शब्द: "का?"

दादांच्या स्क्रीनवर ते उमटलं. "अगं, शेजारीच बसलोय की मी! तोंडानं विचार की!"

"लिस्टवर पाठवलाय न्हवं? मग कारण बी लिस्टवरच द्या."

दादांनी खुर्ची पुढं ओढली. एक वाक्य टाइप केलं, पुसलं. दुसरं केलं, तेही पुसलं. मालक केबिनमधून डोकावले. "काय झालं रे, संग्राम?"

"काय न्हाई, मालक. कारण शोधालोय."

शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली, जोरात एंटर मारला आणि खुर्ची तिच्याकडं वळवली. "घेतला मागं पॅच! आता झालं समाधान?"

शुभांगी स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली, "थांबा की. मेल पोचू दे!"