शेवयांच्या साच्यातली स्प्रिंग

लोक म्हणायचे, तुझा नवरा लई हुशार. माझा नवरा हुशार होताच. फक्त ज्या गोष्टीवरून त्याला हुशार म्हणायचे, ती गोष्ट माझी होती.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. धाराशिवात आमच्या घराच्या पुढच्या पत्र्यात नवऱ्याचं गॅरेज होतं. जीपगाड्या यायच्या, त्यांना स्प्रिंगच्या जागी लोखंडी पाटे असायचे आणि पाट्यांचं काम त्याला डोळे झाकून यायचं. पण तेव्हा नव्या फटफट्या येऊ लागल्या. डॉक्टरची एक, ढोकीच्या कारखान्यातल्या साहेबांच्या दोन. त्यांच्या मागच्या चाकाला धक्के झेलणारा शॉकअप, आणि शॉकअपवर घट्ट दाबून बसवलेली जाड स्प्रिंग. आतलं तेल गळायला लागलं की ती स्प्रिंग काढावी लागायची. ती दाबून धरल्याशिवाय वरची टोपी अडकवणाऱ्या दोन अर्धगोल कड्या निघत नसत, आणि दाबायचं हत्यार आमच्याकडं नव्हतं.

मग दोन माणसं अंगाचा भार टाकून स्प्रिंग दाबायची आणि नवरा तोंड खाली घालून पकडीनं कड्या ओढायचा. एकदा एकाचा हात घसरला. वरची टोपी उडून नवऱ्याच्या तोंडावर बसली. दोन दात गेले, ओठ फाटला. मी आठ दिवस त्याला पेज भरवली. नवव्या दिवशी तो परत तसंच तोंड घालायला निघाला, तेव्हा मला राहवलं नाही.

मी लोहाराची पोर. माझे वडील अणदूरचे लोहार, आण्णा म्हणायचे आम्ही त्यांना. माझ्या लग्नात त्यांनी मला शेवयांचा साचा करून दिला होता. सोलापूरच्या जुन्या बाजारातून कुठल्याशा मोडक्या प्रेसचा जाड आट्यांचा स्क्रू आणला, त्याला लोखंडी चौकट केली आणि खाली पितळी भांडं बसवलं. वरून दांडा फिरवला की पोकळ दट्ट्या भांड्यात उतरायचा, आणि एका हातानं शेराच्या शेवया पडायच्या. चैत्र-वैशाखात आमच्या दारात बायांची रांग लागायची. ईद आली की मागच्या मोहल्ल्यातल्या बायाही पिठाचे गोळे घेऊन यायच्या. सासरी माझं म्हणावं असं तेवढंच होतं. ज्या घरात मला कुणी एका शब्दानं विचारत नव्हतं, त्या घरी बाया मला विचारायला यायच्या, आज साचा मोकळा आहे का म्हणून.

तर मी नवऱ्याला म्हटलं, माणसं कशाला, माझ्या साच्यात शॉकअप उभा करा, स्क्रू दाबंल की. तो हसला, मग उठून साचा उचलला. संध्याकाळी परत पाहिजे, असं मी दोनदा बजावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी साचा आला नाही. मी पत्र्यात जाऊन बघितलं. दट्ट्याच्या तळाला त्यानं मोठं भोक पाडलं होतं, शॉकअपच्या टोकाचा गोल डोळा आत जावा म्हणून. बाजूला करवतीनं खिडकी कापली होती, तिथून कड्या ओढायला. काम झकास होत होतं, ते मी नाकारत नाही. एकटा माणूस दांडा फिरवायचा, स्प्रिंग गपगुमान दबायची, कड्या निघायच्या, कुणाच्या दाताला धक्का नाही. पण त्या दट्ट्यानं आता शेवया होणार नव्हत्या. दाबलं की पीठ खाली न जाता भोकातून वर येणार. मी म्हटलं, भोक पाडायच्या आधी मला विचारायचं तरी. तो म्हणाला, दुसरा दट्ट्या करून देतो, त्यात काय एवढं. त्या दट्ट्याची वाट मी आजही बघते आहे.

बाया आल्या. नवऱ्यानं कापला असं सांगायची मला लाज वाटली, म्हणून साचा मोडलाय असं सांगत राहिले. दोन उन्हाळे आल्या, मग यायच्या बंद झाल्या. आणि पुढच्या दारी मात्र तुळजापूरचे, लातूरचे मेकॅनिक हत्यार बघायला यायला लागले. नवरा त्यांना सांगायचा, लई डोकं चालवलं तेव्हा हे सुचलं. मी त्यांना चहा नेऊन द्यायचे. आयत्या बिळावर नागोबा बसला आणि दूध पाजायला मीच.

बाया यायच्या बंद झाल्या त्या साली खंडेनवमीला आण्णा आले. पत्र्यात हत्यारं मांडली होती, मधोमध साचा. हळद, कुंकू, झेंडूचा हार. आण्णांनी हार बाजूला सारला, दांडा फिरवून बघितला, मग अंगठा त्या खिडकीत घातला आणि कापलेल्या कडेवरून फिरवला. मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, लोहाराला काय सांगावं लागतं? मला वाटलं, आता हा माणूस बोलणार. एवढ्या वर्षांत माझ्या बाजूनं कुणीतरी बोलणार.

नवरा म्हणाला, "साचा पडूनच होता मामा. म्हटलं कामाला लावावा."

पडून होता.

आण्णांनी हार परत नीट केला. म्हणाले, "बरं केलंत, जावईबापू. बायांचं काय, हातानंबी वळतील शेवया."

नवरा खूश झाला. जेवताना त्यानं मला आण्णांना आग्रह करून वाढायला लावलं. मी वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. बराच वेळ ते पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "जावयाला कसं बोलायचं, बाई? तुला दुसरा करून देतो."

"म्या साचा मागत न्हाय, आण्णा," मी म्हटलं. "माझा व्हता, एवढंच तुमी म्हणायला पाहिजे व्हतं."

अणदूरकडं जाणारी नळदुर्गची गाडी लागली, ते चढले आणि खिडकीशी बसले. एरवी गाडी वळेपर्यंत मी उभी राहायचे. त्या दिवशी घंटी वाजायच्या आधीच मी घराकडं वळले.