नाल्याच्या पुलावरून आलेली हाक

भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण खरं सांगायचं तर टाइमपास म्हणून. लोकांचे अनुभव वाचायचे, मनात म्हणायचं याची झोप झाली नसेल, आणि पुढे सरकायचं. आमचं गाव मालवणकडचं. त्यामुळे देवचार, चकवा हे सगळं लहानपणी जेवताना तोंडी लावायला असायचं. पण माझा कधी विश्वास बसला नाही. त्यात माझं काम असं की तिथे भुताला जागाच नाही. अपघात झाला की त्याला कारण असतंच... खड्डा, स्पीड, दारू, मोबाईल, राँग साइडने आलेला टेम्पो. ते कारण शोधून लिहायचं, याचाच मला पगार मिळतो.

अंधेरीला एमआयडीसीत एक खासगी कंपनी आहे, तिथे मी रोड सेफ्टीचं काम करतो. उपनगरातल्या ठरावीक रस्त्यांवर महिन्याभरात कुठे कुठे अपघात झाले ते नकाशावर टाकायचं आणि ट्रेंड बघायचा. कुठे वाढले, कुठे कमी झाले, का झाले. पावसाळ्यात बाइक घसरतात, रस्ता खणला की वाढतात, स्पीडब्रेकर टाकला की कमी होतात. नकाशा असा हलता असतो. फक्त एक ठिपका हलत नव्हता.

मुलुंड पूर्वेला हायवे सोडून आत वळलं की नाल्यावर एक छोटा पूल लागतो. पूल म्हणजे काय, चार रिक्षा ओळीत उभ्या राहिल्या की संपला. आत जाताना डाव्या हाताला लोखंडी कठडा, कठड्यापलीकडे नुसता नाला. त्या कठड्यालगत जाहिरातीचा एक जाड खांब. उजव्या हाताला पूल संपता संपता दळवीचं टायर-पंक्चरचं दुकान. रस्ता सरळ, डांबर चांगलं, उतार नाही. तरी दर महिन्याला तिथे एक टू-व्हीलर पडायचीच. उन्हाळा असो, पाऊस असो. वाढ नाही, घट नाही, वीजबिलासारखं नेमाने. आणि नेहमी भर दुपारी. मेलं कोणी नाही, पण हाडं मोडून घेतली बऱ्याच जणांनी.

आमचं घर तिथून जवळच. घरात मी, माझी बायको मेघना आणि माझा धाकटा भाऊ समीर. आई-वडील गेल्यापासून तो आमच्याकडेच. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे, बाइकवर दिवसभर फिरतो आणि दुपारी जेवायला त्याच पुलावरून घरी येतो. म्हणून तो ठिपका मला कामापेक्षा जास्त सलायला लागला.

पहिला संशय अर्थातच दळवीवर. पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर गाड्या पडतात म्हटल्यावर दुसरं काय डोक्यात येणार? मी पुलावर जाऊन खिळे शोधले, ऑइलचे डाग शोधले. काही सापडलं नाही. दळवी दुकानात बसून माझ्याकडे बघत होता. शेवटी त्यानेच विचारलं, साहेब, काही पडलंय का तुमचं? मी कार्ड दाखवलं. तो म्हणाला की पडणाऱ्याला उचलायला मीच धावतो, आणि मलाच लोक चोर समजतात, म्हणून तर कॅमेरा बसवलाय. आणि स्वतःहून त्याने मला फुटेज दाखवलं.

त्यात दोन अपघात होते. कॅमेऱ्याला आवाज नव्हता, नुसतं चित्र. एक माणूस स्कूटरवर सरळ येतोय. पुलावर आल्यावर तो एकदम डावीकडे मान वळवतो, कठड्याच्या दिशेने, ओळखीचं कोणी दिसावं तशी. हँडल वाकडं होतं आणि तो पडतो. दुसऱ्या फुटेजमध्ये एक बाई, तीच मान, तीच बाजू. कठड्याजवळ कोणी नाही. पण त्या दुसऱ्या फुटेजमध्ये दुकानाच्या पायरीवर एक कुत्रा झोपलेला होता... बाईने मान वळवली त्याच क्षणी त्यानेही डोकं उचललं आणि कठड्याकडे बघितलं.

मी म्हटलं, कोणीतरी आवाज देतंय. समोरच्या बिल्डिंगमधली टवाळ पोरं असतील, स्पीकर लावून मजा बघत असतील. मग मी अपघाताच्या नोंदीतून नंबर काढून त्या दोघांना फोन केला आणि भेटायला गेलो.

स्कूटरवाले रिटायर्ड गृहस्थ होते. आधी म्हणाले, लक्ष गेलं हो जरा. मी खोदून विचारल्यावर बायको आत गेल्याची खात्री करून म्हणाले की मित्राने हाक मारली. कॉलेजातला मित्र, कॉलेजात पडलेलं टोपणनाव घेऊन. तो मित्र आता नाशिकला असतो, ठणठणीत आहे, त्या दिवशी नाशकातच होता. त्या बाई शाळेत शिक्षिका. त्यांना लेकीने हाक मारली, 'मम्मा, थांब ना' अशी. लेक बंगळुरूला नोकरीला. दोघांनाही पोलिसांना हे सांगायची लाज वाटली होती. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. आणि टवाळ पोरांना एकाचं टोपणनाव आणि दुसरीच्या लेकीचा आवाज कुठून मिळणार?

मी रिपोर्टमध्ये 'चालकाचे लक्ष विचलित' असं लिहून मोकळा झालो. पण मनातून जाईना. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी दुपारी मी कधी कधी त्या पुलावर जाऊन उभा राहायचो. समोरच्या गॅलऱ्यांकडे बघायचो, खांबावर काही बसवलंय का ते बघायचो. मला कधीच काही ऐकू आलं नाही. दळवी मात्र आता माझ्यावरच नजर ठेवून असायचा. एकदा म्हणाला, साहेब, रोज काय बघता इथे? मी म्हटलं, रोज कुठे, सुट्टीलाच तर येतो. तो टायर आपटत बसला.

घरी मी समीरला एवढंच सांगितलं होतं की त्या पुलावर हळू जा, रस्ता बरोबर नाही. हाकांचं कोणालाच सांगितलं नव्हतं. मेघनालाही नाही.

त्यानंतरच्याच महिन्यात मला ऑफिसात मेघनाचा फोन आला. समीर पडला होता, त्या पुलावरच. मी अंधेरीला मीटिंगमध्ये होतो, तसाच उठलो. हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा त्याच्या खांद्याचं हाड मोडल्याचं कळलं होतं आणि हात गळ्यात बांधला होता. मला बघून त्याने तोंड फिरवलं. मला वाटलं, दुखत असेल. मेघना औषधं आणायला खाली गेल्यावर तो म्हणाला,

"हाक कशाला मारलीस रे?"

"कोणी?"

"तू. पुलावरून. बाबल्या म्हणून ओरडलास."

बाबल्या हे त्याचं घरातलं नाव. आई हाक मारायची, आणि आता फक्त मी मारतो. मी त्याला सांगितलं की मी अंधेरीला होतो, मीटिंगला सात-आठ माणसं होती, हवं तर कोणालाही फोन लाव. तो म्हणाला, राहू दे. मग मी न राहवून सगळं सांगितलं. ते गृहस्थ, त्या बाई, हाका, सुट्टीला माझं पुलावर जाऊन उभं राहणं. आणि तिथेच चूक झाली. कारण ऐकून घेतल्यावर तो हळूच म्हणाला, म्हणजे तू तिथे हेच करत होतास तर... लोकांना हाका मारून बघत होतास.

त्याला वाटलं, मी माझ्या कामासाठी काहीतरी ट्रायल घेत होतो आणि त्यात त्यालाच पाडलं. आता अंगाशी आल्यावर नाही म्हणतोय.

दुसऱ्या दिवशी मी दळवीकडे गेलो आणि फुटेज मागितलं. समीर येतो, मान वळवतो, पडतो. कठड्याजवळ कोणी नाही. मी ते मोबाईलवर घेतलं. निघताना दळवी म्हणाला,

"भाऊ ना तो तुमचा? मग त्या दिवशी तसेच कसे निघून गेलात?"

मी विचारलं, कोण निघून गेलं? तर म्हणे, तुम्ही. खांबापाशी उभे होता. गाडी पडायच्या आधी मी तुम्हाला हात केला, तुम्ही बघितलं नाही. मग मी त्याला उचलायला धावलो आणि वळून बघतो तर तुम्ही गायब.

मला त्याचा भयंकर राग आला. मी त्याच्यावर संशय घेतला होता, त्याचा हा सूड उगवतोय असंच वाटलं. मी त्याला बरंच बोललो. तो शांतपणे ऐकत होता आणि माझ्या शर्टाकडे बघत होता. त्या दिवशी दिसलेला शर्ट हाच का, हे ताडत असावा; मी विचारलं नाही.

समीरला फुटेज दाखवलं. त्याने एकदाच बघितलं आणि बोट ठेवून म्हणाला, हा खांब आडवा येतो, त्याच्यामागे माणूस उभा असला तर दिसणार कसा? आणि ते खरंच होतं. कॅमेऱ्यातून खांबामागची जागा दिसतच नाही. मी मीटिंगमधल्या माणसांची नावं सांगितली, मोबाईलचं लोकेशन दाखवलं. तो म्हणाला, दादा, तुझे ऑफिसवाले तुझ्याच बाजूने बोलणार. आणि मोबाईल काय, टेबलावर ठेवूनही जाता येतं.

हात बरा झाला आणि तो डोंबिवलीला मित्राच्या फ्लॅटवर राहायला गेला. मेघनाला सांगितलं, तिकडून काम जवळ पडतं. तिला पटलं नाही. दोन भावांत काय बिनसलं म्हणून ती माझ्या मागे लागली, आणि मी काय सांगणार? गणपतीला समीर आला तो आरतीपुरता. माझ्या पाया पडला नाही. आई गेली तेव्हा तो बारावीला होता, तेव्हापासून मी त्याला सांभाळलंय. त्याचं असं परक्यासारखं वागणं मला सोसेना.

दरम्यान, मी ऑफिसातून पाठपुरावा करून त्या पुलाच्या आधी स्पीडब्रेकर टाकून घेतला. ठिपका नकाशावरून गेला. बॉसने पाठ थोपटली, बघ, शेवटी स्पीडच होता. मी मान डोलावली.

मग समीरचं लग्न ठरलं. मुलीकडचे आमच्याकडे येणार होते, त्याच्या आदल्या संध्याकाळी तो घरी आला. मेघना भाजी आणायला गेली होती. आम्ही दोघंच गॅलरीत चहा घेत बसलो होतो. मग तो म्हणाला,

"दादा, एकदा खरं सांग. मी रागावणार नाही. तू तिथे होतास ना?"

त्याचा चेहरा इतका थकलेला होता... मला वाटलं, काय जातंय आपलं? हा माझ्यावर रागावलेला परवडला, पण स्वतःला वेडा समजायला लागला तर काय? याला 'हो' ऐकायचंय. मी म्हटलं, हो. होतो. चुकलं माझं.

त्याने मोठा श्वास सोडला. खरंच सांगतो, त्याच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं. मला वाटलं, सुटलो. कप खाली ठेवून तो म्हणाला,

"मला हाकेचा राग नव्हताच रे. मी पडल्यावर तू आला नाहीस, त्याचा होता. पण तुझा तरी काय दोष. तू खांबामागून धावत यायला निघाला होतास, मी बघितलं. तिनेच तुझा हात धरून ठेवला."

"कोणी?" मी विचारलं.

तो दरवाजाकडे एकदा बघून, आवाज खाली आणून म्हणाला, "ती कोण आहे ते मी विचारणार नाही. वहिनीला मी काही बोललेलो नाही, बोलणारही नाही. पण दादा, तिला सोड. ती चांगली बाई नाही. मी तिथे रक्तात पडलोय आणि ती तुझ्याकडे बघून हसत होती."

तेवढ्यात मेघना आली आणि समीर तिच्या हातातली भाजीची पिशवी घ्यायला उठला.

लग्न छान झालं. समीर आता नीट बोलतो, हसतो, घरी येतो. फक्त मेघना दोन मिनिटं आत गेली की माझ्याकडे 'सोडलीस ना?' अशा नजरेने बघतो. मी मान हलवतो. आता 'मी नव्हतोच' म्हणायचीही सोय राहिली नाही, कारण कबूल मीच केलंय. परवा मेघनाने मला सरळ विचारलं की तुम्ही दोघं माझ्यापासून काय लपवताय. मी म्हटलं, काही नाही. ते तिला पटलं नाही, हे मला दिसलं.

समीरला मार लागला होता, त्यात भास झाला असेल, असं मी स्वतःला समजावून बघतो. पण मार लागायच्या आधीची हाक? आणि दळवी तर पडला नव्हता ना. तो मला तिथे बघितल्याचं सांगतो. खांबापाशी मी एकटा होतो की माझ्याबरोबर कोणी होतं, एवढंच त्याला विचारायचं आहे. दुकान घराजवळ आहे, तो दिवसभर तिथेच असतो. ऑफिसला जाता-येता मी रोज त्याच्यासमोरून जातो, तो हात करतो, मीही हात करतो.

अजून विचारलेलं नाही.